पोयसरच्या माणसाने काय करायचं?

(वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त बस-कंडक्टरची उत्तरं)

या वेळी पत्रांत रूळ आणि रस्ता यांचं भांडणच जास्त आहे. नव्या मेट्रो सुरू झाल्यापासून हे वाढलंय. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतो, कारण तो प्रश्न एके काळी माझाही होता.

प्रश्न : एस. व्ही. रोडवरून बोरिवली ते अंधेरी बस धावतात. हाकेच्या अंतरावर पश्चिम रेल्वे. पलीकडे लिंक रोडवर मेट्रो २अ, हायवेवर मेट्रो ७. मी हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलं, मला ही सरळ उधळपट्टी वाटते. रुळांना समांतर धावणाऱ्या बस काढून जिथे रेल्वे पोचतच नाही तिकडे का वळवू नयेत?
— एक वाचक, कांदिवली (पश्चिम)

उत्तर : साहेब, हाच हिशेब मी १९९६ साली कागदावर मांडला होता आणि तोंडावर आपटलो होतो. तिकिटांची पेटी खांद्यावरून उतरून मी नुकताच रस्त्यावरच्या मोजणीच्या कामाला लागलो होतो. हातात पॅड, कानावर पेन, अंगात नवा उत्साह. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला तीन दिवस सकाळी उभा राहिलो. बोरिवलीची गाडी सुटताना आत माणसं किती? चौदा. पुढची, अकरा. त्याच वेळी वरच्या पुलावरून लोकलकडे माणसांचा लोंढा चाललेला. मी टिपण लिहिलं : प्रवासी रेल्वेने जातो, सबब फेऱ्या कमी कराव्यात. ‘सबब’ हा शब्द वापरायला मिळाला म्हणून मी खूश.

आमच्या साहेबांनी टिपण वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “उद्या पोयसरला जाऊन उभा राहा.”

पोयसर म्हणजे कांदिवली आणि बोरिवली या दोन स्टेशनांच्या मधलं. कांदिवलीकर आहात, तुम्हाला सांगायला नको. सकाळी नऊच्या सुमाराला तीच गाडी आली, ती दाराला माणसं लटकवूनच. सात-आठ उतरले, दहा चढले. एकाच्या हातात गळका प्रेशर कुकर. दोन शाळेच्या मुली. एक आजी, पिशवीतून एक्स-रेचा मोठा लिफाफा डोकावतोय. मी कंडक्टरला विचारलं, “कुठली तिकिटं?” तो बोटं नाचवत म्हणाला, “दोन टप्पे, दोन टप्पे, तीन टप्पे, दोन टप्पे.” बोरिवली ते अंधेरी पूर्ण तिकीट त्या फेरीत त्याने दोनच फाडली होती.

आता तुमच्या भाषेत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत. कागदी तिकिटांच्या काळात कंडक्टरला प्रत्येक टप्प्याला वेबिलावर, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, प्रत्येक दराच्या शेवटच्या तिकिटाचा नंबर टाकावा लागे. हलत्या गाडीत, गुडघ्यावर पॅड टेकवून. लोकांना वाटायचं मास्तर पाटी खरडतोय. पण त्या आकड्यांवरून कुठल्या टप्प्यात किती तिकिटं गेली ते बरोब्बर निघायचं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा वेबिलं नीट वाचली. पन्नासेक सीटची गाडी, आणि एका फेरीत सव्वाशेच्या आसपास तिकिटं. म्हणजे एकच सीट दोन-तीनदा विकली गेलेली. मी टोकाला उभा राहून माणसं मोजत होतो आणि धंदा मध्ये चालला होता.

बस रेल्वेला समांतर आहे हे नकाशावर खरं. पण पोयसरच्या माणसाला रेल्वे समांतर नसते, ती त्याच्या दोन टोकांना असते. लोकलने जायचं तर आधी उलटं नाहीतर सुलटं चालत किंवा रिक्षाने स्टेशन गाठा, पूल चढा, उतरा, एका स्टेशनासाठी गर्दीत घुसा, पुन्हा पूल. एवढ्यात बसने माणूस घरी पोचून चहा टाकतो. बसचे थांबे तीन-चारशे मीटरवर, स्टेशनं दोन-तीन किलोमीटरवर. हे अंतर रेल्वेलाही जाणवलं, म्हणून तर डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मध्ये राममंदिर स्टेशन निघालं. ओशिवरा पुलाजवळच्या लोकांना तोवर एस. व्ही. रोडच्या बसशिवाय दुसरं काय होतं?

पैशाचंही एक गंमतीचं आहे. रेल्वेच्या बाजूने जाणारी बस मुंबईत कधीच स्वस्त वाहन नव्हती. लोकलचं किमान तिकीट पाच रुपये. बसचं ९ जुलै २०१९ ला आठाचं पाच झालं आणि थांब्यांवर पुन्हा रांगा दिसायला लागल्या. ९ मे २०२५ पासून ते साध्या गाडीत दहा आणि एसीत बारा झालं. म्हणजे समांतर बसमध्ये बसणारा माणूस आज लोकलच्या दुप्पट पैसे देऊन बसतो. फुकट मिळतंय म्हणून कोणी गाडीत चढत नाही, साहेब. त्याला पूल चढायचा नाही, त्याची बेरीज तो करून आलेला असतो.

तुमचा अर्धा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो मी आमच्या लोकांशी भांडून मांडायचो. लांब पल्ल्याच्या समांतर गाड्या नकोत. बोरिवलीहून निघून रुळांच्या कडेकडेने थेट फोर्टात जाणारी लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी गाडी, हा माझ्या मते हौसेचा कारभार. त्या गाडीत शेवटपर्यंत बसणारा माणूस एकतर निवांत असतो किंवा झोपलेला. ती मालाडला अडकते, मग वांद्र्याला, मग माहीमला. आणि इर्ल्याला उभ्या असलेल्या बाईला पाऊण तास गाडी नाही, मग एकापाठोपाठ दोन. असा रूट मधे तोडावा, आखूड करावा, फेऱ्या वाढवाव्यात. तोडला की एक पंचाईत होते : मधे गाडी बदलणाऱ्याला दुसरं तिकीट काढावं लागतं. ते लोक चिडतात आणि त्यांचं चिडणं बरोबर असतं. पण चिडणारे वीस आणि सोय होणारे दोनशे, असा तो मामला.

आणखी एक गोष्ट, ती हिशेबात बसत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा मी सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर ड्यूटीवर होतो. साडेसहानंतर पंधरा-वीस मिनिटांत स्टेशनकडून रस्त्यावर जी माणसं आली, ती आजही डोळ्यांसमोर आहेत. फोन लागत नव्हते. ऑफिसच्या कपड्यांतली एक बाई, एका पायातली चप्पल तुटलेली, मला म्हणाली, “मास्तर, ही बोरिवलीला जाते ना? नक्की जाते ना?” दोनदा विचारलं तिने. एरवी सांताक्रूझहून बोरिवलीला बसने जाणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. दुसऱ्या दिवशी मी वेबिलं चाळली. माझ्या सगळ्या नोकरीत त्या एकाच दिवशी शेवटच्या टप्प्याची तिकिटं संपलेली पाहिली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी निवृत्त होतो. २३ मार्चपासून लोकल बंद, १५ जूनला त्या फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाल्या. मधल्या काळात हॉस्पिटलच्या आणि पालिकेच्या लोकांना घेऊन याच रस्त्यांवरून बस गेल्या. या गाड्या आधीच काढलेल्या असत्या तर त्या सकाळी कुठून आणल्या असत्या?

प्रश्न : तुम्ही बसची बाजू घेता, पण माझा अनुभव उलटा आहे. कॉलेजची तीन वर्षं मी घाटकोपर ते अंधेरी ३४० नंबरने गेले. मेट्रो सुरू झाली त्या दिवसापासून एकदाही त्या बसमध्ये पाय ठेवलेला नाही. मेट्रोने बसला हरवलं हे मान्य करायला काय हरकत आहे?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : ताई, काही हरकत नाही. हरवलं. आणि ते होणारच होतं.

मुंबईत रूळ दक्षिणोत्तर टाकलेले. मध्य रेल्वेवरच्या माणसाला पश्चिम रेल्वेवर जायचं तर दादरला खाली जाऊन परत वर यायचं, नाहीतर आडव्या रस्त्याची बस धरायची. ३४० ही ती आडवी बस. तिथे समांतर रेल्वे नव्हतीच. ८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो आली तेव्हा रूळ बसला समांतर झाले. शिवाय तुमच्यासारखे प्रवासी या टोकापासून त्या टोकापर्यंत बसणारे. एस. व्ही. रोडच्या बरोबर उलट. असा प्रवासी रूळ आले की जातो, त्याला कितीही हाका मारा. साकीनाक्याच्या सिग्नलला मी एकामागे एक तीन ३४० उभ्या पाहिल्यात, आतली माणसं खिडकीतून एकमेकांशी बोलतायत. डोक्यावरून मेट्रो जायला लागल्यावर त्या गाडीत कोण बसून राहणार?

तरी एक सांगतो. साकीनाका ते असल्फा या पट्ट्यात एकदा दुपारी चार वाजता बसने जाऊन पाहा. खैराणी रोडच्या कारखान्यांतून निघालेला माणूस बोचकं घेऊन चढतो, मेट्रोत सामानाला मर्यादा आहे. मेट्रोच्या ११.४ किलोमीटरात १२ स्टेशनं. त्यांच्या मधल्या गल्ल्यांतली माणसं कुठे गेलेली नाहीत. तिथे गाड्या कमी लागतात, पण लागतात. उरलेल्या गाड्या मेट्रो स्टेशनांवरून आडव्या काढाव्यात : मरोळहून सीप्झकडे, साकीनाक्याहून चांदिवलीकडे. स्टेशनच्या जिन्याखालीच थांबा हवा. दोनशे मीटर पुढे ठेवला की रिक्षावाला मधेच गिऱ्हाईक उचलतो, हे मी फुकटात सांगतो.

प्रश्न : आईचं वय ७६, गुडघे गेलेले. भांडुपहून मुलुंडला डॉक्टरकडे न्यावं लागतं. भाऊ म्हणतो ट्रेनने दोनच स्टेशनं. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, भांडुप (पश्चिम)

उत्तर : भावाला म्हणावं, दोनच स्टेशनं, पण जिने किती? एल. बी. एस. मार्गाची बस घ्या. साडेदहानंतर निघा, ऑफिसची गर्दी ओसरलेली असते. स्टेशनजवळच्या थांब्यावर चढू नका, तिथे झुंबड असते. शक्य असेल तर एक थांबा आधीचा गाठा. गाडी थांबल्यावर आधी तुम्ही चढू नका, आईला चढवा आणि तुम्ही मागून या. मी हजार वेळा पाहिलंय : मुलगा चढतो, जागा पकडतो, आणि आई खाली हात वर करून उभी. डॉक्टरची वेळ बाराची असेल तर घरच्यांना साडेअकराची सांगा. रस्ता आहे, खोदलेलाही असू शकतो.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात पूर्वी ट्राम होती. ती कुठून जायची? तिच्या बाजूलापण रेल्वे होती का?
— इयत्ता सहावी, दादर

उत्तर : बाळा, तुझ्या प्रश्नाने वरच्या हिशेबनीस काकांनाही उत्तर मिळेल. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली १६ एप्रिल १८५३ ला. घोड्यांची ट्राम आली १८७४ मध्ये, विजेची ७ मे १९०७ ला. पहिली बस १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे ट्राम आली तेव्हा रेल्वे आधीच होती. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. भायखळा, परळ अशी मध्य रेल्वेची स्टेशनं त्याच बाजूला असूनही लोक शेवटपर्यंत ट्राममध्ये बसत होते.

तुझ्या घराजवळ दादर टी. टी. आहे ना? टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मी कंडक्टर झालो तेव्हा ट्राम जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्या थांब्याला गाडी लागली की मी दारातून ओरडायचो, “टीटी, टीटी, चला टीटीवाले पुढे या!” आणि टीटीवाले पुढे यायचे.