दहावीचा वर्ग पहिल्यांदाच घेताय ना, मग हे वाचा

मॅडम, पेपर हातात आला की पोरगं ब्लँक होतं, तेव्हा "अभ्यासच केला नाहीस" असं पटकन म्हणू नका. भीती वाटली की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, अलार्म वाजवतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि विचार करणारा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तेवढ्यापुरता ढिला पडतो, म्हणजे केलेलं असतं पण आठवतच नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी पूर्वपरीक्षेला भूमितीच्या पेपरात पेन घट्ट धरून नुसती बसली होती, बोटं पांढरी पडलेली, मी शेजारी जाऊन हळूच म्हटलं चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड, पाच-सहा वेळा केलं आणि मग पहिली आकृती काढली तिनं. श्वास सावकाश सोडला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे ठोके मंदावतात, पण हे आधीपासून रोज वर्गात करून घ्या, ऐन परीक्षेत शिकवून नाही जमत. आणि नुसतं वाचायला लावू नका हो, वही मिटून आठवून लिहायला लावा, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात असं आठवून पक्कं केलेलं टेन्शनमध्येही टिकलं होतं. या आठवून लिहिण्याला मार्क मात्र देऊ नका. झोपेचं पालकांना सांगाच, रात्रभर जागून केलेलं डोक्यात बसत नाही.