घोरणं थांबलं की जाग येते

"मॅडम, यांच्या घोरण्यामुळे मी हॉलमध्ये झोपते. सुनेसमोर लाज वाटते हो." इंदिरानगरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत साठीपुढची जोडपी ही तक्रार इतकी आणतात, की वाक्य पुरं व्हायच्या आत मला पुढचं कळतं. निदान तसं वाटायचं.

हे काका अडुसष्टचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून निवृत्त. "घोरतो म्हणजे गाढ झोपतो. माझे वडीलही घोरायचे!" दोन भेटी भांडणातच गेल्या. तिसऱ्या वेळी मी काकूंना विचारलं, "नेमकी जाग कधी येते?"

काकू गप्प. मग हळूच म्हणाल्या, "आवाजाने नाही येत. आवाज थांबला की येते. पुढचा श्वास येईपर्यंत आकडे मोजते."

"हॉलमधून?"

"कान तिकडेच असतात ना."

मी दुखणं एका माणसात शोधत नाही, दोघांच्या मधे शोधते. त्या सवयीचं त्या दिवशी चीज झालं. हा राग नव्हता, पहारा होता. काकूंना मोबाइलवर रात्रीचं रेकॉर्डिंग करायला सांगितलं. पुढच्या भेटीत ते लावलं. घोरणं ऐकून काका हसले. मग शांतता. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बावीस सेकंदांनी गुदमरल्यासारखा हिसका.

"प्रेसमध्ये मशीनचा आवाज बंद पडला की आम्ही धावत जायचो," काका म्हणाले.

वयाबरोबर घशाचे स्नायू सैल पडतात. त्यात वजन, जाड मान, चोंदलेलं नाक, सिगारेट, रात्रीचा पेग, मनाने घेतलेली झोपेची गोळी. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते. बायकांचंही पाळी गेल्यावर घोरणं वाढतं, फक्त त्या कबूल करत नाहीत! कुशीवर झोपून, वजन उतरवून पुष्कळांचं भागतं. पण श्वास दहा-दहा सेकंद वारंवार अडत असेल, दिवसा पेपर वाचताना डुलकी लागत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, रात्री लघवीला सारखं उठावं लागत असेल, गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसेल, तर समुपदेशकाकडे नको, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. झोपेची तपासणी एका रात्रीत होते, बऱ्याचदा घरीही. दुर्लक्ष केलं तर हृदयाला आणि मेंदूला धोका असतो.

काकांना मास्कचं मशीन लागलं. "हत्तीची सोंड" म्हणून आठवडाभर कुरकुरले, आता लावतात.

काकू मात्र अजून हॉलमध्येच झोपतात. नाशिकच्या थंडीतही काकांना पंखा पाचवर लागतो, असं त्या सुनेला बिनधास्त सांगतात.