रिस्टोअर केलेले जुने कोरियन सिनेमे कुठे बघावेत, सुरुवात कशाने करावी? त्यांत एवढी गरिबी का असते?

कोरियन फिल्म अर्काइव्हचं यूट्यूब चॅनल. फुकट, इंग्रजी सबटायटल्ससकट. सुरुवातीला सगळे 'द हाउसमेड' (1960) सांगतील. सांगू देत. तुम्ही किम की-यंगचाच 'गोर्योजांग' (1963) लावा.

मी तो घरी लावला तेव्हा आत्या आणि दाजी दोघंही होते. काळ जुना. सत्तरी गाठलेल्या आईबापाला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडून यायचं, म्हणजे खाणारं एक तोंड कमी. गावात दुष्काळ, बटाट्यांवरून माणसांचे सौदे. या सिनेमाची दोन रिळं हरवलीत, तिथे पडद्यावर नुसता मजकूर येतो. तो आला आणि दाजी सुरू झाले, "अर्धा गायब, उरलेलं रडगाणं. असल्या प्रिंटांवर कोण पैसे घालतं?" आत्या म्हणाली, "गप बसा हो. तू वाच रे, काय झालं पुढं." बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलीय, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात. सिनेमा संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "ह्यांच्यात रेशन नव्हतं का?"

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. कोरियन युद्ध 1953 ला थांबलं, भूक थांबली नाही. शरदातला तांदूळ वसंतात संपायचा, बार्ली उन्हाळा लागल्याशिवाय हाती यायची नाही. मधले दिवस कंदमुळांवर, पाइनच्या सालीवर. अमेरिकेचं जास्तीचं धान्य आलं, पोटं भरली, पण धान्याचे भाव पडले आणि शेतकरी आणखी खाली गेला. दिग्दर्शकांना गरिबी शोधायला जावं लागत नव्हतं.

आणि पैसे का घालायचे? दक्षिण कोरियातल्या डेगू शहरातल्या एका गरीब पोराच्या डायरीवर 1965 साली किम सू-यंगने सिनेमा काढला. कोरियात त्याची प्रिंटच उरली नव्हती, शेवटी तैवानमध्ये सापडली. आपल्या 'राजा हरिश्चंद्र'ची मोजकीच रिळं शिल्लक आहेत. तेव्हाही कुणीतरी दाजींसारखंच बोललं असणार.

हां, 'गोर्योजांग' म्हणजे खरं खेडं नव्हे, बराचसा स्टुडिओतला सेट आहे, आणि अभिनय चांगलाच चढा आहे. गावाकडचे सगळेच सिनेमे निरागस नव्हते, शिन सांग-ओकच्या 'राइस'मध्ये (1963) नव्या लष्करी सरकारची भलामण आहेच. जेवताना तर यातलं काहीच लावू नका.

दाजी, वाचत असाल तर स्वतःच्या लग्नाची बुरशी लागलेली कॅसेट मागच्या वर्षी डिजिटल करून कुणी आणली ते इथे कमेंटमध्ये लिहा.