व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून कपॅसिटर बँक तापते. हार्मोनिक्सचं (५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारितांचं) मॉडेल कसं करावं?

सिम्युलेशन उघडण्याआधी कागदावर एक वर्गमूळ काढा. समजा, तुमचा ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, इम्पिडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट पातळी साधारण २०,००० केव्हीए. बँक ४०० केव्हीएआर. भागाकार ५०, वर्गमूळ ७.०७. ट्रान्सफॉर्मर आणि बँक मिळून याच क्रमांकाच्या हार्मोनिकचा करंट फुगवतात; यालाच रेझोनन्स म्हणतात. सिक्स-पल्स ड्राइव्ह (सहा डायोडच्या रेक्टिफायरचा) ५वा, ७वा, ११वा, १३वा असे हार्मोनिक्स सोडतो. सातव्यालाच रेझोनन्स, मग बँक तापणारच!

मॉडेलमध्ये ड्राइव्ह म्हणजे प्रत्येक हार्मोनिकसाठी एक करंट सोर्स. पुस्तकी हिशेबात पाचवा २० टक्के, सातवा १४. ड्राइव्हला चोक (करंट गुळगुळीत करणारी कॉइल) नसेल तर पाचवा बराच जास्त निघतो, त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेले आकडेच घाला. ट्रान्सफॉर्मर-केबलचा रिअ‍ॅक्टन्स हार्मोनिक क्रमांकाने गुणा, कपॅसिटरचा भागा. रेझिस्टन्स वगळू नका (हमखास होणारी चूक), नाहीतर रेझोनन्सचं शिखर अवास्तव उंच दिसतं. व्होल्टेजच फार बिघडलेलं असेल तर नॉर्टन मॉडेल (करंट सोर्सला समांतर इम्पिडन्स) घ्या.

उपाय म्हणून ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर लावा, म्हणजे कपॅसिटरच्या सिरीजमध्ये त्याच्या ७ टक्के रिअ‍ॅक्टन्सची कॉइल. ट्यूनिंग १८९ हर्ट्झला येतं, पाचव्याच्या खाली. पण ४१५ व्होल्टवर कपॅसिटरला ४४६ व्होल्ट मिळतील, तेव्हा जुने ४४० व्होल्टवाले बदलावेच लागतील.