संमती एका ऑपरेशनला, झाले दुसरेच

प्रश्न: मी ४६ वर्षांची असून नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी झिजल्यामुळे सव्वा वर्षापूर्वी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात माझे ऑपरेशन झाले. कमरेची हालचाल टिकावी म्हणून कृत्रिम डिस्क बसवायचे ठरले होते आणि संमतीपत्रावर मी त्यासाठीच सही केली होती. चार महिन्यांनी इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा कळले की डिस्क नाहीच, केज (मणक्यांमध्ये ठेवायचा पोकळ साचा) आणि स्क्रू घालून दोन्ही मणके जोडून टाकले आहेत. सर्जन म्हणतात, आत पाहिल्यावर मागचे सांधे झिजलेले दिसले, म्हणून बेत बदलला आणि बाहेर बसलेल्या माझ्या पतींची सही घेतली. पतींना ती सही रक्तासाठी आहे असे वाटले होते. बिल ६ लाख ४० हजारांचे झाले, त्यातील ४ लाख मेडिक्लेमने दिले. त्या बिलात ‘कृत्रिम डिस्क, नग १’ म्हणून २ लाख १० हजार लावले आहेत. मला दाद मागता येईल का?

उत्तर: होय, दाद मागता येईल. मात्र तक्रार कोणत्या शब्दांत मांडली जाते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ‘ऑपरेशन चुकीचे झाले’ असा आरोप आपण केलात, तर तो सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागेल, आणि मणके जोडणे ही सर्वमान्य शस्त्रक्रिया आहे एवढे सांगून रुग्णालय मोकळे होईल. आपले म्हणणे तसे नाही. ज्या शस्त्रक्रियेला मी होकार दिला नव्हता ती माझ्यावर करण्यात आली, नंतरही मला सांगण्यात आले नाही आणि न बसवलेल्या वस्तूचे पैसे घेण्यात आले, असे आपले म्हणणे आहे. ते बहुतांशी कागदांवरूनच सिद्ध होते. प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव खटल्यात २०१० मध्ये स्पष्ट केले आहे.

या दोन शस्त्रक्रिया म्हणजे एकाच कामाच्या दोन पद्धती, असा युक्तिवाद होईल, म्हणून फरक तक्रारीतच स्पष्ट लिहावा. कृत्रिम डिस्कमध्ये साधारणपणे धातूच्या दोन चकत्या असतात आणि त्यांच्यामध्ये सरकणारा गाभा असतो. त्यामुळे त्या जागी मणका पुढे-मागे वाकू शकतो. फ्यूजनमध्ये, म्हणजे मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, केजमधून हाड वाढते आणि दोन मणक्यांचा एक होतो. तिथली हालचाल कायमची थांबवणे हाच त्याचा हेतू असतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९८४ मध्ये पहिली अशी डिस्क बसवली गेली, ती मुळात फ्यूजनला पर्याय म्हणूनच. हालचाल टिकवण्यासाठी होकार देणाऱ्या व्यक्तीची हालचाल बंद करणे हा तपशिलातला बदल ठरत नाही.

आता आपल्या पतींच्या सहीविषयी. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल आपल्या प्रकरणाला फार जवळचा आहे. तिथे रुग्णाने मुख्यतः तपासणीच्या लॅपरोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने पोटाच्या आत पाहण्याला, संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. सज्ञान आणि सक्षम रुग्ण केवळ काही काळ भुलीखाली आहे, म्हणून तिच्या वतीने नातेवाइकाला संमती देता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. अपवाद एकच ठेवला: जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य जपण्यासाठी ती कृती तातडीची असावी आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे अवाजवी ठरावे. आईची सही जिथे चालली नाही तिथे पतीचीही चालणार नाही, मग ती त्यांनी समजून केलेली असो वा नसो. ऑपरेशन थिएटरच्या दारात परिचारिकेने पुढे केलेल्या कागदावर कोणताही घाबरलेला माणूस सही करतो; त्याबद्दल पतींना दोष देऊ नका.

रुग्णालय दोन मुद्द्यांवर उभे राहील. पहिला असा की, झिजलेली गादी काढल्यानंतर जागा रिकामी ठेवून जखम शिवता येत नव्हती. हा मुद्दा हलका नाही. त्यावर आपले उत्तर ऑपरेशनपूर्वीच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनमध्ये शोधावे लागेल. मागच्या सांध्यांची मोठी झीज त्यात सहसा दिसते, आणि ती असल्यास कृत्रिम डिस्क टाळावी हे सर्जनला आधीच ठाऊक असते. ती झीज आधी दिसत असेल, तर फ्यूजनची शक्यता आपल्याला शुद्धीवर असताना का सांगितली नाही, हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. दुसरा मुद्दा संमतीपत्राच्या मजकुराचा. त्यात ‘किंवा गरजेनुसार फ्यूजन’ असे शब्द असतील तर आपली बाजू बरीच कमजोर होते, कारण नेमक्या नमूद केलेल्या जादा शस्त्रक्रियेला आगाऊ संमती घेण्याची मुभा वरील निकालातच आहे. तो कागद मी पाहिलेला नाही. ते शब्द छापील आहेत की हाताने लिहिलेले, शाई आणि अक्षर तेच आहे का, हे मूळ प्रतीवर पाहावे लागेल.

म्हणून नोटिशीच्याही आधी कागद मिळवा. २००२ च्या वैद्यकीय व्यवसाय आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कागद जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे. लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जात दोन्ही संमतीपत्रे, ऑपरेशन नोट, भुलीचा तक्ता आणि इंडोर पेपरवर (रुग्णालयातील उपचारांच्या नोंदींवर) चिकटवलेले इम्प्लांटचे, म्हणजे शरीरात बसवलेल्या वस्तूचे, स्टिकर यांचा नावानिशी उल्लेख करा. ते स्टिकर बोटभर लांबीचे असते. त्यावर वस्तूचे नाव, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. स्टिकर केजचे आणि बिल डिस्कचे, एवढी विसंगती हाती आली की आकारणीच्या मुद्द्यावर फारसा वाद उरत नाही. शिवाय आपल्याकडचे डिस्चार्ज कार्ड आजच काढून वाचा. त्यात ‘फ्यूजन’ लिहिलेले असेल, तर ‘चार महिने लपवले’ हे वाक्य तक्रारीत घालू नका; एक वाक्य खोटे ठरले तर बाकीच्यांवरही शंका येते.

मेडिक्लेम कंपनीलाही बिलातील विसंगती लेखी कळवा, म्हणजे चुकीच्या दाव्यात आपला सहभाग होता असे उद्या कोणी म्हणणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात करता येईल, कारण तक्रारदार राहते त्या ठिकाणी दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे. मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. मोबदला, म्हणजे उपचारासाठी दिलेली रक्कम, ५० लाखांच्या आत असल्याने अधिकारक्षेत्र जिल्हा आयोगाचेच, आणि ५ ते १० लाखांच्या मोबदल्यावर शुल्क २०० रुपये आहे. मुदत २ वर्षांची. ती एक्स-रेच्या दिवसापासून धरावी असा युक्तिवाद करता येईल, पण आपण ऑपरेशनच्या दिवसापासूनच मोजा. याचा अर्थ आपल्याजवळ नऊ महिने आहेत.

भरपाईबाबत आपली अपेक्षा वाढवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. समीरा कोहली खटल्यात डॉक्टरांची फी नाकारण्यात आली आणि वर भरपाई मिळाली ती केवळ २५ हजार रुपयांची. आपण डिस्कच्या नावाने आकारलेली रक्कम, सर्जनची फी, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागावा. नोकरीवरील परिणामाची मागणी करायची असेल तर स्वतंत्र अस्थिरोगतज्ज्ञाकडून, पुढे आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेसह, हालचालीचा लेखी अहवाल घ्या आणि कवायतीच्या तासांतून सूट मिळाली असल्यास मुख्याध्यापकांचे पत्र जोडा. पोलिसांत जाण्याची घाई करू नका. फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, म्हणजे अतिशय गंभीर, स्वरूपाचा असावा लागतो, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पक्के आहे. बिलापुरता फसवणुकीचा विचार स्टिकर हाती आल्यावर करू.

पुन्हा ऑपरेशन करून डिस्क बसवून घ्यावी का, असा विचार मनात आला असेल, तर तो निर्णय केवळ वैद्यकीय सल्ल्यानेच घ्या. मात्र तसे काही ठरलेच, तर आधी सीटी स्कॅन काढून ठेवा आणि बाहेर काढलेला केज व स्क्रू लेखी पावतीसह स्वतःच्या ताब्यात घ्या.