झोका एकदा जातो, आवाज दोनदा का वाढतो?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला मराठी माध्यमातून ९१ टक्के होते, अकरावीत ६४ वर आली. फिजिक्समध्ये तर १०० पैकी ५२. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेलो तेव्हा मळ्यातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याच्या पाटाला तिने एक सर्किट चिकटवलं, वायरने लॅपटॉपला जोडलं आणि आवाज काढत बसली. झोका एकदा जाऊन येतो पण आवाज दोनदा का वाढतो, एवढ्यासाठी तीन दिवस घालवले. नातेवाईक विचारतात, पोरगी बँडवाल्यांत जाणार का? मी लॅपटॉप आणि ते सगळं सामान कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून ती जेवायला बसते, पण बोलत नाही. वर २२ हजारांचा कंट्रोलर मागत होती. बारावीनंतर एक वर्ष लातूरला रिपीटसाठी पाठवायचं ठरवलं आहे. तिला समजावून सांगा. या नादाला काही स्कोप आहे का?
– एक पालक, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात गुण आहेत, नातेवाईक आहेत, लातूर आहे. मुलगी जेवणाच्या ताटावर बोलत नाही, हे मात्र एका वाक्यात उरकलंय. माझं लक्ष तिथेच अडकलं. सतरा वर्षांची मुलगी घरात गप्प होते तेव्हा अभ्यासही गप्पच होतो. पुस्तक उघडं राहतं, पान उलटत नाही. लॅपटॉप काढून घेतल्यावर फिजिक्सचे गुण वाढले, असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. वाढले असते तर लिहिलं असतं.

दुसरी गोष्ट लातूरची. बारावीची परीक्षा अजून व्हायची आहे आणि रिपीटचं वर्ष तुम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय. घरात हे बोलणं झालेलं असणार आणि तिने ते ऐकलेलं असणार. पेपर लिहिण्याआधीच बापाने आपल्याला नापासात काढलंय, असा त्याचा अर्थ ती लावेल, आणि तो फारसा चुकीचा नाही. हा विषय निकालापर्यंत घरात काढू नका.

आणि बँडवाल्यांबद्दल. खान्देशात एकही लग्न बँडशिवाय लागत नाही, आणि बोलताना मात्र तो शब्द शिवीसारखा वापरतात. त्या बँडमधला ऑक्टोपॅड आठवा. रबराच्या पॅडवर काठी पडते, खालचा सेन्सर आघाताचा जोर मोजतो, जोराचा आकडा होतो आणि आकड्याचा ढोल होतो. तुमची मुलगी झोक्याला बांधून तेच करत होती. फरक इतकाच की ऑक्टोपॅड तयार मिळतो आणि हिने आपलं यंत्र स्वतः जुळवलं.

आता त्या ‘वाया गेलेल्या’ तीन दिवसांकडे येऊ. पाटाला चिकटवलेल्या सेन्सरला झोका डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळत नाही. त्याला फक्त दोरीच्या दिशेचा ताण कळतो. झोका तळातून जातो तेव्हा वेग सर्वात जास्त असतो, म्हणून ताणही जास्त. टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा ताण सर्वात कमी. दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत जाणारा झोका घेतला तर तळाशी सुमारे १.२७ जी आणि टोकाला ०.८७ जी भरतं (झोका स्थिर लटकताना १ जी). जाताना एकदा आणि येताना एकदा, असा झोका एका फेऱ्यात तळातून दोनदा जातो. म्हणून आवाजही दोनदा वाढतो. दोरी ३ मीटरची असेल तर फेरा साधारण साडेतीन सेकंदांचा, म्हणजे आवाज पावणेदोन सेकंदांनी. भाऊ, महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी फिजिक्सचं पहिलंच प्रकरण ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ आहे, त्यात उभ्या वर्तुळातली गती आहे, पाचवं ‘ऑसिलेशन्स’. ज्या विषयात ५२ मिळाले म्हणून तुम्ही कुलूप लावलंत, त्याच विषयाचा प्रश्न ती झोक्यावर सोडवत होती, आणि तोही कुणी न विचारता.

मग ५२ का? अकरावीच्या फिजिक्सची उत्तरपत्रिका मागून घ्या आणि तिच्या शेजारी बसून बघा. गणितं चुकलीत, की व्याख्या आणि डेरिव्हेशन इंग्रजीत लिहिता आली नाहीत? मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं बरेचदा दुसऱ्या ठिकाणी अडतं. त्यावर उपाय रोज अर्धा तास लिहिण्याचा सराव, आणि तो घरबसल्या होतो.

तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे, तो बऱ्याच घरांत असतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. ‘वायरने लॅपटॉपला जोडलं आणि आवाज काढत बसली’, जणू यूएसबी खोचलं की बाकी सगळं लॅपटॉपच करतो. तसं होत नाही. बाहेरून सारखीच दिसणारी यूएसबीची पिन आत तीन वेगळ्या भाषा बोलते. बाजारातला मिडी कंट्रोलर, म्हणजे संगीतासाठीचा नॉब-बटणांचा तयार डबा, ‘अमुक नंबरचा नॉब अमुक किमतीवर’ असं ० ते १२७ मध्ये सांगतो आणि संगीताच्या सॉफ्टवेअरला ते थेट समजतं. गेमपॅड माउस-कीबोर्डच्या जातीचा, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा तुकडा (ऑब्जेक्ट) जोडावा लागतो. आर्डुइनो उनो हा सेन्सर वाचणारा छोटा सर्किट-बोर्ड (मुलीचं सर्किट तोच असं धरतो) या दोन्हींत बसत नाही. तो सिरियल पोर्टवरून नुसते बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, एकामागून एक सोडत राहतो, आणि त्या बाइटचा अर्थ काय हे दोन्ही टोकांना आपणच ठरवायचं असतं. तुमच्या मुलीने तिसरी, सर्वात अवघड वाट घेतली आहे. केळीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व ओलावा बघून आपोआप उघडतो-मिटतो, त्यामागेही हेच काम असतं. सेन्सर वाच, आकडा स्वच्छ कर, ठरलेल्या भाषेत पाठव, पलीकडे काहीतरी हलव.

स्कोपचं स्पष्ट सांगतो. केवळ असं प्रायोगिक संगीत करून जळगाव-धुळ्यात घर चालणार नाही. तसं स्वप्न मी तिलाही दाखवणार नाही. पण हे हात ज्याला आहेत त्याला इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्स या शाखा घरच्यासारख्या वाटतात. त्यासाठी एमएचटी-सीईटी, जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीत इन्स्ट्रुमेंटेशन आहे, पुण्यात सीओईपीला आहे. डिझाइनकडे ओढा दिसला तर यूसीड आणि एनआयडीची प्रवेश परीक्षा. साउंडचा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेतला अभ्यासक्रम पदवीनंतरचा, त्याचा विचार तेव्हा. बारावीनंतर लगेच लाखांत फी घेणारा खासगी ‘साउंड’ कोर्स मात्र घेऊ नका, मुलीने हट्ट केला तरी.

कंट्रोलर आत्ता घेऊ नका, इथे मी तुमच्या बाजूने आहे. तिला काय हवंय ते पाचशे रुपयांच्या आत होतं.

आणि आता बेटा, पुढचं तुझ्यासाठी. बाबांनी हे तुला वाचायला द्यावं.

नॉब हवे असतील तर १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर घे. कडेच्या दोन पिना ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली अॅनालॉग पिनेला. उनोला सहा अॅनालॉग पिना असल्या तरी तुझा हालचाल मोजणारा सेन्सर (एमपीयू-६०५० असं धरतो) त्यातल्या ए४ आणि ए५ खातो, कारण त्याच्या एसडीए आणि एससीएल या दोन तारा तिथेच जातात. म्हणजे नॉब चारच. पाचवा लावलास तर सेन्सर बंद पडेल आणि दोष कोडमध्ये शोधत बसशील. रिकामी अॅनालॉग पिनही वाचू नकोस, ती हवेतले आकडे देते आणि वाटतं सेन्सर चालतोय.

आवाज घडवायला प्युअर डेटा (पीडी) तू वापरतेसच असं धरतो. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पैसे देऊन त्याच जातीचं मॅक्स घेण्याची तुला गरज नाही. ‘फाइंड एक्स्टर्नल्स’मधून सिरियल पोर्ट वाचणारा ‘कॉमपोर्ट’ उतरवून घे. पोर्ट उघडेना तर क्रमाने बघ. कधी केबल फक्त चार्जिंगची असते, आत डेटाच्या तारा नसतात. स्वस्त उनोवर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर लागतो. आणि आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडा असेल तर पोर्ट त्याने धरलेला असतो, एका वेळी एकच प्रोग्रॅम तो उघडू शकतो. मॉनिटर बंद कर.

‘सिरियल प्रिंट’ने ५१२ पाठवलंस तर पीडीत ५१२ येत नाही. येतात ५३, ४९, ५०, म्हणजे पाच, एक आणि दोन या अक्षरांचे कोड, आणि प्रिंटलाइन असेल तर मागे १३ आणि १०. या आकड्यांनी आवाज चालवला की तो विनाकारण थरथरतो. म्हणून ‘सिरियल राइट’ने सरळ एक बाइट पाठव.

आवाज फेऱ्यात एकदाच वाढायला हवा असेल तर ताण सांगणारा अॅक्सिलरोमीटर सोड आणि त्याच चिपमधला जायरोस्कोप वाच. तो फिरण्याचा वेग देतो, जाताना अधिक आणि येताना उणे. तुझ्या झोक्याला ३ मीटर दोरी आणि ३० अंश धरले तर तळाशी सेकंदाला सुमारे ५४ अंश. मूळ सेटिंगला एका अंशाला १३१ या हिशेबाने आकडा ७००० च्या आसपास जाईल. त्याला ५५ ने भाग, उणे १२७ ते अधिक १२७ मध्ये बांध, त्यात १२७ मिळव. ० ते २५४ झालं. २५५ मुद्दाम रिकामा ठेवलाय. पुढे नॉब जोडशील तेव्हा प्रत्येक खेपेच्या सुरुवातीला २५५ पाठव, म्हणजे पहिला आकडा कुठला हे पीडीला कळेल. नॉबचं वाचन १०२३ पर्यंत जातं, त्याला ४ ने भागून २५४ वर अडव. सिरियलचा वेग (बॉड रेट) दोन्हीकडे ११५२००, दोन वाचनांत १० मिलिसेकंद. पीडीत १२७ वजा करून १२७ ने भाग, उणे आकडे ० वर अडव (नाहीतर येतानाही आवाज वाढेल) आणि ‘डॉलर-एक २०’ या मेसेजमधून आकडा हळूहळू सरकवणाऱ्या ‘लाइन टिल्ड’ला दे, तिथून आवाजाच्या गुणकाला. आकडा थेट गुणकाला दिलास तर आवाजात खरखर येते, कारण तो पायऱ्यांनी उडतो. आवाज स्पीकरला देणाऱ्या ‘डॅक टिल्ड’च्या आधी ०.१ ने गुण, आणि पहिल्यांदा चालवताना हेडफोन कानाला लावू नकोस.

जायरोचा मोठा फायदा वेगळाच आहे. दोरी ताठ असेल तर तिच्या कुठल्याही बिंदूला फिरण्याचा वेग सारखाच. मग सेन्सर पाटावर कशाला? फांदीच्या खाली वीतभर अंतरावर दोरीला बांध. उनो त्याच्याजवळच ठेव, कारण सेन्सर आणि उनोमधल्या (आयटूसीच्या) तारा अर्ध्या मीटरच्या आत बऱ्या. यूएसबी केबल फांदीवरून खोडाने खाली आण, ती तिथे जेमतेम हलते आणि ५ मीटरच्या मर्यादेत बसते. पाटावर बांधली होतीस तेव्हा प्रत्येक झोक्याला पिनेला हिसका बसत होता. कनेक्शन मध्येच तुटत असेल तर कारण तेच.

भाऊ, लॅपटॉप कपाटातून काढा आणि रोज रात्री एक तास द्या, अभ्यास झाल्यावर. रविवारी दोन. वेळ कोणता हे तिला ठरवू द्या. परीक्षेच्या आधीचा महिना सामान तीच आपल्या हाताने बांधून ठेवेल, विचारून बघा.

नागपंचमीला झोके पुन्हा बांधले जातील. घरात बंगई (झोपाळा) असेल तर तेवढी वाटही पाहू नका. फक्त एक अडचण येईल. जायरो स्थिर असतानाही शून्य दाखवत नाही, आणि ऊन लागून तापला की त्याचं शून्य आणखी सरकतं. म्हणून सुरुवातीला ५०० वाचनं घ्यायची, ४ मिलिसेकंदांनी एक, त्यांची सरासरी काढायची आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून ती वजा करायची. पीडीने पोर्ट उघडला की उनो बहुतेक वेळा नव्याने सुरू होतो, म्हणजे हे दर वेळी करावं लागणार. ते दोन सेकंद झोका जराही हलता कामा नये. ती लॅपटॉपजवळ असेल, तेव्हा दोरी धरायला कुणीतरी लागेल. ते तुम्ही धरा.