मलम लावलं की नायटा जातो, थांबवलं की परत येतो. असं का, आणि डॉक्टर नक्की काय तपासतात?

बहुतेक वेळा कारण मलमातलं स्टेरॉइड. मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' म्हणून आणलेल्या मलमावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा, ही स्टेरॉइडंच. त्याने लाली आणि खाज पटकन बसते, नायटा ज्यामुळे होतो ती बुरशी मात्र पसरत राहते. शिवाय नायट्याची ओळखीची खूण, म्हणजे उठावदार खवलेदार कडा आणि मधली साफ होत जाणारी कातडी, पुसली जाते. मग तो इसबासारखा दिसतो आणि निदान चुकतं. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर कातडीवर कायमचे चरे पडतात, ते वेगळंच.

शंका असली की केओएच तपासणी करतात. चट्ट्याच्या कडेचे खवले (मधले नव्हे, तिथे बुरशी कमी सापडते) बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतात, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (म्हणजेच केओएचचा) थेंब टाकतात आणि १०-१५ मिनिटं थांबतात. कातडीच्या पेशी विरघळल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात. नुकतंच बुरशीवरचं मलम लावलेलं असेल तर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून त्या दिवशी काही लावून जाऊ नका. वापरलेल्या सगळ्या ट्यूब मात्र पिशवीत घालून न्या, लाजू नका.

उपचारात बुरशीवरचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंमीपर्यंत लावायचं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी दाखवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.